टिळ्याचं ताट

नागपूरच्या डॉक्टरांनी आबाजींचे डोळे तपासले, तेव्हा समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मीच. माझ्या आजोबांचा आजार दुर्मीळ होता, घराण्यातून येणारा, उपाय नसलेला. मी त्यांना सांगितलं, की नजरेच्या कडा गेल्या आहेत, मधलं उरलं आहे. मधलं कधी जाईल, असं त्यांनी विचारलं. ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, कपडे घालता येतात का, जेवताना सांडतं का, जिना उतरता येतो का. प्रत्येक प्रश्नाला आबाजी "जमते" म्हणाले.

आबाजी विणकर; मागावर तुटलेला धागा त्यांना अजून सापडायचा, कारण तो नाकासमोर असायचा. बाजूला ठेवलेला पाण्याचा गडवा मात्र लवंडायचा. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं.

काकांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सानगडीला झालं. आमच्याकडे मुलीकडचा वडीलधारा मुलाकडच्या प्रत्येक पुरुषाला कुंकवाचा टिळा लावतो, टोपी घालतो, गळाभेट घेतो. ज्याचं कपाळ कोरं राहिलं, त्याचा अपमान झाला. आबाजींनी नवरदेवाच्या मामांना सोडलं. मामा रांगेतून जरासे बाजूला, आबाजींच्या खांद्यापाशी उभे होते. आबाजी ताट घेऊन पुढच्या माणसाकडे वळले.

मामा न जेवता गाडीत जाऊन बसले. काका हात जोडून काचेपाशी उभे राहिले, तेव्हा ते एवढंच बोलले, "बुढ्याले मागावरचा धागा दिसते. मीच नाही दिसलो."

मी तिथेच होते. दोन वाक्यांत सारं सांगता आलं असतं. पण काकांनी आधीच ताकीद दिली होती, की सोयऱ्यांपुढे आजाराचं नाव काढायचं नाही. घराण्यातून येतो म्हटल्यावर पोरीचं लग्न मोडलं असतं. त्यापेक्षा म्हातारा घमेंडी आहे असं त्यांना वाटलेलं परवडलं. आबाजींनीही ते मान्य केलं. त्याच घराण्यातली मीही आहे, म्हणून मला काकांचं चूक म्हणता आलं नाही.

लग्नात मात्र टिळा आपणच लावायचा, एवढं आबाजींचं मागणं होतं. त्यांनी मला अंगणात बोलावलं.

"तू माह्या कोपराले हात लावून ठेव. जिकडं माणूस, तिकडं दाब. कोणाले समजत नाही."

आम्ही खुर्च्या मांडून सराव केला. त्यांचा अंगठा हळूहळू खुर्चीच्या पाठीवर नेमका टेकू लागला. एकदा मी चुकीच्या बाजूला दाबलं, तर म्हणाले, व्याह्याच्या ऐवजी खांबाले टोपी घालाले लावशीन. तेवढं एकदाच ते हसले.

लग्न संध्याकाळचं होतं. हॉलमध्ये रंगीत दिवे फिरत होते. वरात आली, मी आबाजींच्या कोपराला हात लावला, आणि काकांनी समोरून ताट उचललं.

"बाबा, तुम्ही बसा. मी लावतो."

त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्यांना पुन्हा गाडीच्या काचेपाशी उभं राहायचं नव्हतं. मी आबाजींना खुर्चीत बसवलं. काकांनी सगळ्यांना टिळे लावले, मामांना सगळ्यात आधी. मग रिवाजाप्रमाणे मुलाकडच्यांनी उलट टिळे लावायला घेतले, तेव्हा वडीलधारे म्हणून काकांना पहिला मान मिळाला, नंतर माझ्या वडिलांना, मग इतरांना.

आबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि कपाळ वर करून ते बसले होते. सनई बदलली, माणसं पंगतीकडे निघाली.

"झाले का सारे?"

"हो."

"मी राहिलो का?"

मी हो म्हटलं. त्यांनी टोपी चाचपून पुन्हा घातली.

"असू दे. सांगू नोको कोणाले."

मी त्यांना जेवायला चला म्हटलं. भूक नाही म्हणाले. त्यानंतर आलेल्या प्रत्येक लग्नाला ते "तुम्ही जाऊन या" म्हणतात, आणि तुम्हीही चला, असं आता कुणी म्हणत नाही.