पांढरा वेफर

घोडेगावच्या सरकारी कचेरीत मी तिला एकदाच पाहिलं. शिनोलीची बाई, घरी बटाट्याचे वेफर करून मंचरच्या बाजारात विकणारी. किसणीवर घासून तिच्या बोटांची टोकं सोलवटली होती. काप पाडायच्या मशीनसाठी सरकारी अनुदान मागायला ती आली होती.

साहेबांनी अर्ज वाचला. "बाई, इथं धंदा वर्षातून चार महिने चालतो असं लिहिलंय. योजना बारमाही उद्योगाला आहे. बारा लिहा, लगेच पुढं पाठवतो."

"बारा कसं लिवू साहेब? उन्हाळा सरला की बटाटा कोल्ड स्टोरेजचा येतो. त्यो गोड व्हतो, वेफर तळला की लाल पडतो."

शेजारी बसलेला मी कुजबुजलो, "मावशी, लिहून टाका. कोण बघायला येतंय?"

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग पिशवीतून दोन पुड्या काढून टेबलावर उघडल्या. एकीत पांढरे वेफर, दुसरीत लाल. "घ्या, खाऊन बगा."

साहेबांनी एक उचलला. पांढरा.

"तुमी बी लाल उचलला न्हाई की," ती हसली. "मग गिऱ्हाइकाला कसा देऊ?"

नियम मात्र बदलला नाही. अर्ज परत घेऊन तिनं नीट घडी घातली, लाल पुडी बांधली आणि पांढरी तिथंच ठेवली. "ऱ्हाऊ द्या, चहासंगं खा."

इतकी ताठ मान मी आमच्या मोर्चातही पाहिली नव्हती. माझ्या झोळीत सरकारच्या खोट्या आकड्यांविरुद्ध मीच लिहिलेली पत्रकं होती. त्या दिवशी ती न वाटताच मी घरी आणली.