काचेआडचा करार

आमच्या साळखात्यात मागांचा खडखडाट असा, की मिलवरून उडणारे कावळे कानांत पंख कोंबून जायचे. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. त्या गोंगाटात आम्ही विणकर ओठांनी आणि बोटांनीच बोलायचो. पन्नास मागांपलीकडचा कुणाला शिव्या देतोय, ते मी जागेवरून वाचायचो. मराठी, कानडी, तेलुगू, कुठल्याही भाषेतल्या.

ही विद्या आमच्या युनियनच्या पुढाऱ्याला ठाऊक नव्हती. कशी असणार? त्या गड्याने सूत पाहिलं ते स्वतःच्या धोतरात. जीभ मात्र अशी, की सभेत मैदानालाच घाम फुटायचा.

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मॅनेजरने टूम काढली: एका विणकराने दोनऐवजी चार माग चालवायचे. म्हणजे बदलीवाले घरी. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभा राहून, आज कोण गैरहजर आहे ते बघणारा आणि त्याच्या जागी दिवसभर राबणारा माणूस. माझ्या शेजारी बहुतेक दिवस असाच एक तेलुगू अण्णा चादरी विणायचा. सहा वर्षं बदलीच. 'अण्णाला कायम करून घेतो,' असा शब्द पुढाऱ्याने आम्हा सगळ्यांदेखत दिला होता.

पुढाऱ्याची आणि मॅनेजरची बोलणी खात्याच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये चालली होती. अण्णाने मला कोपर मारलं. ओठांनीच म्हणाला, "बघ की, काय म्हणतोय त्यो!"

मी वाचलं. पुढारी म्हणत होता, "चार माग? चालतील."

मी माझा माग बंद केला. मग अण्णाने. मग बघता बघता सगळं खातं ठप्प. आत पुढारी मात्र गोंगाटावर मात करायला बेंबीच्या देठापासून ओरडत होता, तो त्या शांततेत तसाच ओरडला, "बदलीवाले काढा खुशाल! बाकीच्यांना मी गुंडाळतो!"

"गुंडाळा की सायेब," अण्णा म्हणाला, "कापड आमीच इनलंय!"

खातं असं हसलं की छपराचे दोन पत्रे उडाले ते थेट पंधरा कोसांवर वैरागला सापडले म्हणतात. त्या दिवशी आम्ही आमच्या वतीने बोलायला कुणालाच आत धाडलं नाही. सगळेच केबिनसमोर बसलो. मॅनेजरलाच बाहेर येऊन बोलावं लागलं. चार मागांची टूम बारगळली, बदलीवाले राहिले.

पण पुढारी कसला निर्लज्ज! वर्षभराने परत आला. कायमच्या विणकरांना एकेकटं गाठून पगारवाढीचं गाजर दाखवलं, आणि चार मागांच्या बोलणीला पुन्हा त्याच केबिनमध्ये जाऊन बसला. या खेपेला काचेवर पडदा होता.

मी माग थांबवला. आजूबाजूला पाहिलं. आणखी चार थांबले. उरलेल्या मर्दांना नेमके त्याच वेळी तुटलेले धागे दिसायला लागले. माना खाली, हात चालू. माझ्याकडे ओठ वळवायची एकाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बदलीवाल्यांना फाटकातच परत पाठवलं. अण्णालाही.

तो पडदा मी जवळून पाहिला. आमच्याच खात्यातली मोरांची चादर. मोरांच्या माना एक धागा वाकड्या होत्या. तशा त्या फक्त अण्णाच्याच हातून यायच्या.