हसरा दाबला की दार उघडतं

आमच्या मासळीच्या कारखान्यात दारापाशी एक यंत्र बसवलं. सुटताना अंगठा लावला की पडद्यावर दोन चेहरे येतात, हसरा आणि रडका. वर प्रश्न: 'आजचा दिवस कसा गेला?' हसरा दाबला की दार उघडतं. रडका दाबला तर यंत्र कारण विचारतं, आणि ते लिहिल्याशिवाय बाहेर सोडत नाही.

बाहेर कंपनीची गाडी हॉर्न मारत उभी. ती चुकली तर हातखंब्याच्या नाक्यापर्यंत चालायचं आणि पुढे मिळेल त्या वडापच्या जीपने घर गाठायचं. दिवसभर बर्फातली कोळंबी सोलून बोटं बधिर झालेली असतात. अशा वेळी कारणं कोण लिहीत बसणार? आम्ही सगळ्या बायका रोज हसरा दाबायचो आणि गाडीकडे पळायचो. आमचं चुकलं ते इथेच.

शिमगा जवळ आला तेव्हा पुण्याहून एक मॅडम आल्या. कर्मचाऱ्यांचा आनंद बघणं हेच त्यांचं काम. आपला कारखाना कंपनीत सगळ्यात आनंदी निघाला, असं त्यांनी सांगितलं. आम्ही टाळ्याही वाजवल्या, मूर्खासारख्या. मग त्या म्हणाल्या, "इतक्या खूश आहात, तर प्रत्येकीला वेगळी सुटी कशाला? यंदा सगळ्यांचा मिळून एकच आनंददिन. आरे-वारेच्या किनाऱ्यावर सहल!"

गेली ती शिमग्याची सुटी. इथे प्रत्येक गावच्या देवीची पालखी वेगळ्या दिवशी घरोघर फिरते, आणि तो दिवस गावकरी ऐन वेळी ठरवतात. म्हणून आमचे जुने सुपरवायझर ज्या बाईच्या दारी पालखी, तिला त्या दिवशी सोडायचे. आमच्या वाडीचा दिवस यंदा नेमका सहलीच्या दिवशी आला.

माझा नवरा जहाजावर असतो. घरात मी आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या देवीची ओटी भरत नाहीत. आपल्याला चालत नाही, ही त्यांची समजूत. मी कितीदा भांडले, पण त्या ऐकत नाहीत. म्हणजे ओटी मीच भरायची. देवी वर्षातून एकदा दारात येणार आणि रिकामी जाणार, या विचाराने त्यांना आठवडाभर झोप नव्हती.

मी मॅडमना सांगायला गेले. त्या वाईट नव्हत्या, हेच जास्त जाचतं. "अहो, सहल तुमच्यासाठीच तर आहे!" म्हणाल्या. "तुम्ही यंदा कायम होणार आहात ना? नेमक्या तुम्हीच गैरहजर दिसलात तर वर काय सांगू?" मी मान हलवली आणि बाहेर येऊन स्वतःलाच शिव्या घातल्या.

किनाऱ्यावर संगीत खुर्ची होती. वाळूत खुर्च्या रुतत होत्या आणि आम्ही ड्रेसकोडच्या पिवळ्या साड्या सावरत त्यांच्याभोवती फिरत होतो. मधेच सासूबाईंचा फोन आला. मागे ढोल ऐकू येत होता.

"पालकी वाडीत आली. येतेस ना गो?"

"निघतेच," म्हणाले. निघणार कशी? गाडी संध्याकाळशिवाय हलणार नव्हती. मॅडमनी हाक मारली, "फोटो काढतोय, हसा!" मी हसले.

संध्याकाळी गाडी आधी कारखान्यात नेली, हजेरीसाठी. मी अंगठा लावला आणि पहिल्यांदाच रडका दाबला. कारणं आली: पगार, जेवण, स्वच्छता, वरिष्ठ, इतर. मी 'इतर' दाबून 'पालखी' लिहिलं. यंत्र म्हणालं, सविस्तर लिहा. मागून ओरडा सुरू झाला, "अगो, दाब तो हसरा नि चल, गाडी सुटल!" मला रडू फुटलं. डोळे पुसले, पडद्यावर मागे गेले आणि हसरा दाबला. दार उघडलं.

घरी पोचले तेव्हा अंगणात गुलाल सांडलेला होता. खण, नारळ, तांदूळ ताटात तसेच होते. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या.

"लय वेळ थांबवून धरली पालकी," त्या म्हणाल्या. "मग देवीला सांगितलं, सून कामावर हाय, पुडल्या वर्साला भरंल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुडल्या वर्साला सुटी मिलंल ना गो?"

खरं सांगायला गेले असते तर त्यांनी कारण विचारलं असतं. मी फार दमले होते.

"मिळेल की," मी हसून म्हणाले.