मिस्त्रीने पास केलेली गाडी

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस डोक्यातून आपोआप पुसल्या गेल्या. चोऱ्या, हाणामाऱ्या, बंदोबस्त, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. पण एका छोट्या पांढऱ्या गाडीचं प्रकरण काल घडल्यासारखं लख्ख आठवतं, आणि आठवलं की अजूनही हातातला घास हातातच राहतो. यात कुणाचंही नाव लिहिणार नाही. ठाणं अमरावती जिल्ह्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं, आणि मी तिथला ठाणेदार, एवढं वाचकांना पुरेसं आहे.

आमच्या ठाण्यात सरकारी जीपवर एक चालक हवालदार होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. आजूबाजूच्या गावांत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की ती आधी ठाण्याच्या आवारात आणायची आणि मिस्त्रीला दाखवायची, अशी पद्धतच पडली होती. मास्तर, तलाठी, औषधवाले, सगळे यायचे. गाडी कडुलिंबाखाली उभी राहायची. मिस्त्री बॉनेट उघडून एक लांब पेचकस घ्यायचा, टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "पास आहे." किंवा, "हिच्या नादी लागू नका." चहाशिवाय काही घेत नसे. किरकोळ बिघाड तिथल्या तिथे काढून द्यायचा. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा थर गरम पाण्याने धुणं, वायपरचं रबर, सैल झालेला पट्टा, अशी कामं तो बोलता बोलता उरकायचा. मी कधी आडकाठी केली नाही. उलट मला अभिमान होता, की आमच्या ठाण्यात लोक तक्रार नसतानाही येतात.

त्या भागात एक आरोग्यसेविका होती. वय तिशीचं, नेमणूक सेमाडोहच्या पुढच्या एका उपकेंद्रात. एस.टी. चुकली की तिचा दिवस वाया जायचा. माहेर मूर्तिजापूरचं. बौद्ध कुटुंब, वडील शकुंतला या नॅरोगेज रेल्वेगाडीच्या मार्गावर गँगमन होते, त्यांनी दोन्ही लेकरं शिकवली. घराण्यात चार चाकांची गाडी कुणी घेतली नव्हती. ही पहिली. पोलीस कुटुंबांच्या लसीकरणाला ती यायची, म्हणून माझी ओळख.

एक दिवस ती केबिनमध्ये आली. "जयभीम साहेब. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याजवळ गाडी पाहिली. तो म्हणते, तुमच्या ठाण्यातल्या मिस्त्रीले दाखवून घ्या, मंग घ्या. घेऊ का जी?"

मी म्हणालो, "मिस्त्री पास म्हणाला तर डोळे झाकून घ्या."

व्यापारी स्वतः गाडी घेऊन आला. मिस्त्रीचं पेचकस झालं. त्याने चाकं जॅकवर उचलून हलवून पाहिली, खेळ, म्हणजे सैलपणा, नव्हता. चक्कर मारायला मिस्त्री आणि बाई निघाले, तेवढ्यात मला तहसील कार्यालयात जायचं होतं, म्हणून मीही मागच्या सीटवर बसलो. वरिष्ठांचा फोन चालू होता, तो तहसील येईपर्यंत चालूच राहिला. संध्याकाळी कळलं, गाडी पास झाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी पेढे आणून दिले. गाडी आधी विहारात नेऊन आणली होती, असं मोठ्या कौतुकाने सांगितलं.

पाच महिन्यांनी, रविवारी दुपारी, घाटातून फोन आला. गाडी कठड्यावर आदळली होती. पुढचं डावं चाक गाडीपासून सुटून खाली झाडीत पडलं होतं. बाई गाडी चालवत होत्या, त्यांना खरचटलं होतं. शेजारी वडील होते. लेकीचं उपकेंद्र बघायला निघालेले. रुग्णालयात पोहोचण्याआधीच ते गेले.

तिच्या धाकट्या भावाने फिर्याद दिली. ताई नुकतीच गाडी शिकली, तिनं घाटात बेदरकारपणे चालवली, बाबाले मारलं. भाऊ रडत होता आणि रडतारडता सही करत होता. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा तिच्यावर दाखल झाला. शिक्षा झाली असती तर सरकारी नोकरी गेली असती, आणि आयुष्यभर बापाचा जीव घेतल्याचा ठपका. जबाबाला ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिने वाद घातला नाही.

"लिहा साहेब. माह्या हातातून स्टेअरिंग सुटलं. माहीच चूक हाय."

खरं सांगतो, मला तेव्हा हायसं वाटलं. गुन्हा कबूल करणारा आरोपी मिळाला की तपास अधिकारी खोलात जात नाही. अपघातग्रस्त गाडीची तपासणी झाली होती. ब्रेक ठीक होते. चाक आधी सुटलं की धडकेने सुटलं, हे सांगता येत नाही, असा शेरा आला होता. मी दोषारोपपत्राची तयारी सुरू केली.

आठवड्याने मूर्तिजापूरहून एक फोन आला. बोलणारा गॅरेजवाला होता, मुसलमान, वयस्कर. आधी पाच मिनिटं माफी मागत राहिला.

"साहेब, पेपरात फोटो पाहिला. तवापासून मले चैन पडून नाही राहिली. ते गाडी माह्या गॅरेजात आली होती, विकायच्या पहिले. डाव्या चाकाची बेरिंग गुणगुणत होती. मी त्या अकोल्यावाल्याले बोललो, बदल, घंट्याभराचं काम हाय. तो बोलला, चाचा, राहू द्या, आवाज पास होऊन जाते."

"आवाज पास होतो म्हणजे?"

"ते तुमी त्यालेच पुसा, साहेब. माह्या तोंडून नका वदवू."

मी सुटलेलं चाक मुद्देमालातून काढलं आणि बेअरिंग वेगळं करून तज्ज्ञाकडे पाठवलं. अहवाल आला. आतले छर्रे झिजून चपटे झाले होते, पोलाद जळून निळं पडलं होतं. हे एका धडकेत होत नाही, महिनोन्महिने होतं. चाक आधी सुटलं होतं आणि मग गाडी कठड्यावर गेली होती. स्टेअरिंग बाईंच्या हातातून सुटलं नव्हतं, ते निकामीच झालं होतं. एका निरपराध बाईला मी तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊन उभं केलं होतं, आणि तेही ती मुकाट्याने आली म्हणून.

अकोल्याहून व्यापाऱ्याला आणलं. गुळगुळीत माणूस. बसल्या बसल्या त्याने चहा मागितला. माझा अनुभव असा, की घाबरलेला माणूस पाणी मागतो. चहा मागणारा काहीतरी हाताशी ठेवून आलेला असतो.

"बेअरिंग खराब आहे हे तुला माहीत होतं."

"जुनी गाडी हाय साहेब, थोडंफार राहतेच. म्हणून तर मी बाईले म्हनलं, ठाण्यातल्या मिस्त्रीले दाखवा. तुमच्याच मानसानं पास केली. मी काय फसवलं?"

"प्रत्येक गिऱ्हाइकाला तू आमच्याकडेच पाठवतोस?"

"नाई. आवाज करणारीच गाडी पाठवतो." तो बोलून गेला आणि गप्प झाला. मीही गप्प राहिलो. चौकशीत गप्प राहणं जमलं की अर्धं काम होतं. कपातला चहा निवला तेव्हा त्याने मान वर केली. "साहेब, खरंच तुमाले माहीत नाही? मिस्त्रीले आयकू येत नाही. दोन-तीन वर्सं झाली. अकोल्या-अमरावतीच्या आमच्या धंद्यातल्या सगळ्याईले माहीत हाय. झिजलेली, गंजलेली गाडी तो हाताले लागली की पकडते. पण निसता आवाज असन, तर पास."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. तीन वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी जीपमध्ये बसत होतो. वायरलेसवरचा संदेश तो मला पुन्हा विचारायचा, तेव्हा मला वाटायचं, वय झालं. मागून हाक मारली तर वळायचा नाही, तेव्हा मला वाटायचं, अंगात मस्ती आहे. एकदा तर मी त्याला त्यावरून लेखी ताकीद दिली होती. चोरांच्या चालीवरून चोर ओळखणारा मी, आणि शेजारच्या माणसाचे कान गेलेले मला कळले नाहीत.

मी मिस्त्रीला केबिनमध्ये बोलावलं. तो समोर उभा राहिला. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणालो, "दार लाव." तो तसाच उभा. मग मी त्याच्याकडे वळून तेच पुन्हा म्हणालो. त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि लगेच दार लावलं. बस. एवढ्यावर सगळं उघडं झालं. त्याला ते कळलं, आणि तो उभ्याउभ्या रडायला लागला.

एका तापानंतर कान गेले होते. एक पूर्ण, दुसरा जवळजवळ. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"काहून नाही सांगितलं?" त्याला कळावं म्हणून मी त्याच्याच बोलीत, ओठ नीट हलवून विचारलं.

"सांगतलं असतं तर जीप गेली असती साहेब. टेबलावर बसवलं असतं. अन् मंग गाडी दाखवाले कोन आलं असतं? लोक मले मिस्त्री म्हणते. दुसरं काय हाय माह्याजवळ?"

"मग आवाजाचं कसं सांगत होतास?"

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "तोंडाकडे पाहतो साहेब. गाडीत बसलेल्या मानसाच्या. आवाज असला की मानसाच्या कपाळाले आठी पडते, नाही तं तो खाली वाकून पाहते. मंग मी समजून घेतो. त्या बाईच्या टायमाले..." तो थांबला. "बाई तं सारख्या हासत होत्या. पयली गाडी होती ना त्याईची. मंग मी आरशात तुमच्याकडे पाह्यलं. तुमी फोनवर होते. तुमचा चेहरा जसाच्या तसा. मले वाटलं, साहेब बसले हाय, आवाज असता तर साहेब बोलले असते."

आवाज होता. मला आठवत होता. फोनवर वरिष्ठ बोलत असताना डाव्या बाजूने घूं घूं असा सूर येत होता, गाडीचा वेग वाढला की तोही वाढत होता. मी एक बोट दुसऱ्या कानात घातलं होतं, फोन नीट ऐकू यावा म्हणून. आणि मनात म्हटलं होतं, मिस्त्री चालवतोय, त्याला कळत असेलच.

गाडी घेतल्यावर महिन्याभराने बाई ती परत घेऊन आल्या होत्या, हेही त्यानेच सांगितलं. आवाज वाढला म्हणून. त्याने टायर आलटून पालटून लावून दिले आणि सांगितलं, टायर घासले आहेत, त्याचा आवाज आहे. तिने विश्वास ठेवला.

त्याच दिवशी मी वरिष्ठांना लेखी कळवलं, की या गुन्ह्यात मी स्वतः साक्षीदार आहे, तपास माझ्याकडून काढून घ्यावा. स्टेशन डायरीत नोंद केली. एका सहकाऱ्याने समजावलं, तुमचं नाव यात आणायची काय गरज, व्यापारी अडकला, झालं. पण मिस्त्रीचा जबाब खरा लिहायचा तर मला त्यातून वगळता येत नव्हतं. उपविभागीय अधिकाऱ्यांनी पुढचा तपास केला. व्यापाऱ्यावर दोषारोपपत्र गेलं. मिस्त्रीची विभागीय चौकशी झाली, जीप गेली. माझ्या सेवापुस्तकातही एक शेरा आला, तो मी मुकाट घेतला. आणि बाईंविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल न्यायालयात दाखल झाला. भावाने येऊन पुरवणी जबाब दिला. जाताना तो बहिणीच्या पायाशी बसला होता, असं आमच्या महिला शिपायाने मला सांगितलं.

अहवालाची प्रत घ्यायला बाई आल्या. मी उठून उभा राहिलो आणि सरळ सांगितलं, "बाई, तुमची काही चूक नव्हती. चाक आधीच निखळलं होतं. त्या दिवशी गाडीत आवाज येत होता, तो मला ऐकू आला होता. मी बोललो नाही. माफ करा."

त्यांनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. रडल्या नाहीत.

"गुन्हा माह्यावरून गेला साहेब, तुमचे उपकार हाय. पन आवाज मले बी येत होता. त्या दिवशी घाट लागला अन् बाबा म्हनाले, गाडी थांबव माय, हा आवाज बरोबर नाही. मी म्हनलं, पोलिसाच्या मिस्त्रीनं पास केली हाय बाबा, तुमाले काय समजते, चूप बसा." त्या दाराकडे वळल्या. "मंग ते काहीच नाही बोलले."

ही गोष्ट त्यांनी ना भावाला सांगितली होती, ना जबाबात.

आता ओळखीतलं कुणी पहिली गाडी जुनी घ्यायला निघालं आणि माझा सल्ला मागितला, तर मी कुणाचं नाव सुचवत नाही. सांगतो, काचा वर करा, गाणी बंद करा, फोन खिशात ठेवा आणि स्वतः चालवून पाहा. काही वेगळं ऐकू आलं तर तिथेच बोला, शेजारी कितीही मोठा जाणकार बसलेला असो. लोक मान डोलावतात. म्हाताऱ्या पोलिसाची सवय म्हणून सोडून देतात.

नोकरीभर मी लोकांना बोलतं करण्याचा पगार घेतला. त्या दिवशी गाडीत आम्ही तिघं होतो. एकाला ऐकू येत नव्हतं, एकीला काय ऐकायचं ते माहीत नव्हतं. बोलायचं काम माझं होतं.