हजार वर्षांचं कुलूप

कुलूपवाल्याच्या बायकोने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. तिच्या वडिलांच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली होती आणि हा गृहस्थ कपाटाला कान लावून असा बसला होता, की पाहुणे येऊन गेले, सूर्य मावळला, शेजारच्या पोराला मिसरूड फुटलं, तरी याची मान काही हलली नाही. शेवटी कपाट उघडलं. मग त्याने वळून पाणी मागितलं, आणि एवढा धीर असलेल्या माणसाबरोबर संसार सुखाचा होईल असं तिला वाटलं. बिचारी. धीर सगळा कुलपांच्या वाट्याचा होता. एरवी हा तापल्या तव्यावरची लाही.

त्यातून धाकट्या भावाच्या सुटकेचा दिवस जवळ आला. धाकटा पूर्वी याच्याच दुकानात कानस चालवायचा. पण दारू चढली की त्याला आपलं-परकं दिसत नसे. एकदा त्याने हातोडीने दुकान फोडलं, मध्ये पडलेल्या थोरल्याचं कपाळ फोडलं आणि तीन वर्षांसाठी तुरुंगात गेला. आता सुटून जाणार कुठे? इथेच. त्याला घरात घ्यायचं की दारातूनच वाटेला लावायचं, हे थोरल्याला काही केल्या ठरवता येईना.

नेमका त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी शेवटच्या काळाचा विषय घेतला. देवदूत किल्ली आणि साखळी घेऊन येतो, सैतानाला बांधून अथांग डोहात टाकतो, वर शिक्कामोर्तब करतो. कुलूपवाल्याची मान समाधानाने डोलली; काम चोख होतं. पण हजार वर्षांनी सैतानाला थोडा वेळ सोडायचं असतं, हे ऐकलं आणि त्याचं चित्त उडालं. उपासना संपताच त्याने पाळकसाहेबांना दारातच गाठलं. एवढा बांधलेला सोडायचा कशाला, कुलूप कच्चं होतं की काय, म्हणून फैर झाडली.

"कुलूप तुटत नाही, उघडलं जातं," पाळकसाहेब म्हणाले. "किल्ली सैतानाच्या हातात कधीच नसते. बांधतो देव, सोडतो देव, आणि शेवटी त्याचा निकालही देवच लावतो."

"आणि मधल्या मध्ये आमचं काय?"

"आपणही त्याच्याच हातात. पण सैतानाला सोडतो कशासाठी, हे मला नाही सांगता येणार."

एवढ्यावर समाधान मानेल तर तो कुलूपवाला कसला? घरी येऊन त्याने दाराला अडसर बसवायला घेतले. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. येणारा माणूस आहे, हत्ती नव्हे, असं बायकोने सुनावलं. सुटकेच्या दिवशी सकाळी त्याने ओढताच आपोआप लागणारं आणि फक्त आतूनच किल्लीने उघडणारं कुलूप बसवलं, दार ओढून घेतलं आणि किल्ली घालायला गेला, तर भोकच नाही. घाईत कुलूप उलटं बसलं होतं. भोक बाहेर, स्क्रू बाहेर, नवरा-बायको आत. खिडक्यांचे गजही त्याच्याच हातचे, म्हणजे भक्कम.

"तीन वर्षं भाऊजी आत होते," बायको म्हणाली. "आता आपली पाळी."

दुपारी दार वाजलं.

"दादा, मी आलोय."

कुलूपवाल्याचं कपाळ ठणकायला लागलं. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत त्याच्या येरझारा सुरू झाल्या. शेजाऱ्याला हाक मारायला त्याने तोंडही उघडलं. पण शेजारी आज दार उघडेल, धाकट्याला घालवूनही देईल. उद्या, परवा, महिन्याने काय? पाळकसाहेबांचं म्हणणं त्याला पूर्ण पटलं होतं असं नाही. पण दाराला इतकं लोखंड ठोकूनही राज्य काही आपल्या हातात आलेलं नाही, एवढं त्याला स्वच्छ दिसलं.

"देवा, तू बघ," असं तो पुटपुटला, तेही जरा रागानेच. मग एकेक अडसर काढला, गुडघ्यांवर बसला आणि दाराखालच्या फटीतून किल्ली बाहेर सरकवली.

बाहेर किल्ली उचलल्याचा आवाज आला. बायकोने त्याचा दंड घट्ट धरला.

"वहिनी," बाहेरून आवाज आला, "दादाने कुलूप उलटं बसवलंय."

दार उघडलं.

धाकटा त्या घरात सहा वर्षं राहिला. दारू सुटली नाही. पिऊन आला की व्हरांड्यात झोपायचा.