डस्टीचा पेशबंद

वॉटफर्डच्या बाहेर, जिथे बस वळून परत जायची, तिथून पुढे मिसेस प्रिचर्ड यांच्या तबेल्याची चिखलवाट लागायची. हौशी माणसं तिथे घोड्यावर बसायला शिकत. १९६९ साली त्या तबेल्यात खोगिरं पुसायला मझल रोहेकर होती. पंचेचाळिशीची, अंगात नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, पायात गमबूट. नवरा रुबेन छापखान्यात होता.

कामावर घेताना प्रिचर्डबाईंनी विचारलं होतं, घोडा कधी जवळून पाहिला आहेस का. मझलने सांगितलं की तिचा बाप निसीम भायखळ्याला व्हिक्टोरिया घोडागाड्यांचे साज शिवायचा, आणि चामड्याला मेण कसं चोळायचं हे तिला शाळेआधी येत होतं. बाई हसल्या आणि तिच्या हातात बादली दिली. या लोकांना वाटतं, आपण विमानातून उतरलो त्याच दिवशी जन्मलो.

मग मझलनेही आपली अट घातली. शनिवारी काम नाही. तिचे यहुदी पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाणा गेला, कोकण सुटलं, शनिवार काही तिने सोडला नाही. बाई कुरकुरल्या. पण थंडीत पहाटे सहाला येणारं दुसरं कोण मिळणार होतं त्यांना?

तबेल्यात डस्टी नावाचा एक राखाडी घोडा होता, चपट्या बरगड्यांचा. पोटाखालचा पट्टा, तंग, कितीही आवळा, टेकडी चढायला लागला की खोगीर मागे सरकायचं. दोन माणसं पडली. बाईंनी ठरवलं, सोमवारी दलाल येऊन त्याला घेऊन जाईल. दलाल असे घोडे कुठे नेतो, हे कोणी बोलत नसे आणि माहीत सगळ्यांना होतं.

मझलचं डोकं फिरलं. घोड्याचा यात काय दोष, म्हणाली. छातीवरून पट्टा घ्या, पेशबंद लावा, खोगीर जागच्या जागी राहील. बाई म्हणाल्या, एवढं कळतं तर लावून दाखव.

गुरुवारी तिने जुन्या पेटीतून एक रुंद पट्टा काढला आणि बापाने लावला असता तसाच लावला. खाली, छातीला घट्ट, आत बोटही शिरणार नाही असा. डस्टी अर्ध्या चढावर आखडला. तोकडी पावलं टाकत थांबला तो हलेचना. पट्टा काढला तर खांद्यावरचे केस घासून गेलेले.

"मझल, हा टांग्याचा घोडा नाही," बाई म्हणाल्या.

ते तिला चांगलंच झोंबलं. उत्तर जिभेवर आलं होतं, पण तिची नजर त्या घासलेल्या जागेवर अडकली. तिथेच का? वर का नाही, मध्ये का नाही?

शुक्रवारी कामं उरकून तिने डस्टीला खोगिराशिवाय टेकडीवर नेलं. त्याच्या खांद्यावर तळवा ठेवून ती शेजारून चालत राहिली. प्रत्येक पावलाला कातडीखालचं हाड पुढे सरकून तिच्या हाताला ढकलत होतं, अगदी पट्टा होता तिथेच. ती थांबली. पुन्हा चालली. मग तिला उमगलं. व्हिक्टोरियाचा घोडा छातीने गाडी ओढतो, पट्टा सैल राहिला तर त्याला जखम होते. डस्टीला ओढायचं काही नव्हतंच. त्याच्या पट्ट्याने एरवी गप्प पडून राहायचं आणि खोगीर मागे सरकायला लागलं की तेवढ्यापुरतं धरायचं. बापाची विद्या खरी होती, पण दुसऱ्या घोड्याची.

घरी तिने हे सगळं रुबेनला हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, "वीस वर्षांत माझ्या स्वेटरचं माप कधी घेतलं नाहीस, आणि घोड्याची छाती मोजतेस."

"तुम्ही कुठे चढ चढता?" ती म्हणाली.

अडचण एकच होती. खोगीरवाल्या डॉसनची व्हॅन तबेल्यात फक्त शनिवारी यायची. शनिवारी बसमध्येही बसायचं नाही, म्हणून मझल चालत तिथे पोचली. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"मी काम करणार नाही. बघेन आणि बोलेन."

"मग काम कोण करणार?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही."

डॉसन खाली बघून हसला. बाईंनी मात्र हातमोजे काढले.

व्हॅनमध्ये तीन पेशबंद होते. पहिला तट्टाच्या मापाचा, त्याची कडी डस्टीच्या गळ्याशी येत होती, श्वासच कोंडला असता. दुसरा सरळ पट्टा, पुन्हा खांद्यावर बसणारा. तिसऱ्याला छातीच्या मधोमध कडी होती. तिथून दोन पट्टे वर खोगिराला जायचे आणि एक पुढच्या पायांमधून तंगाला. खांदे मोकळे. मझलने डॉसनला इतकं विचारलं की त्याचा चहा गार झाला. हा कशाला, तो सैल केला तर काय, घोडा उडी मारताना काय होतं.

मग तिने बाईंना कडीमागे मूठ घालायला लावली. मूठ बसली. मग पट्ट्याखाली हात ठेवून चढावर चालायला लावलं. मालकीणबाई चिखलातून घोड्याबरोबर धापा टाकत चालल्या.

"हात चेंगरतोय का?"

"नाही."

"आता त्याला मान खाली घालू द्या, चरू द्या."

डस्टीने मान घातली आणि पायांमधला पट्टा लोंबला. खूर अडकला असता. मझलने दोन भोकं आवळायला सांगितली. बाईंनी आवळली, पुन्हा मूठ घालून पाहिली, आणि कोणी न सांगता स्वतःच खोगिरावर बसल्या.

डस्टी टेकडी चढला, लांब पावलं टाकत. वर पोचल्यावर बाईंनी वाकून पाहिलं. खोगीर होतं तिथेच होतं.

खाली येऊन त्या सरळ ऑफिसात गेल्या. उघड्या खिडकीतून मझलला फोन ऐकू आला. सोमवारी येऊ नका, घोडा विकायचा नाही. का, हे दलालाने विचारलं असावं, कारण बाई म्हणाल्या, "दोष आमच्या सामानात होता."

बाई बाहेर आल्या तेव्हा मझल टेकडीकडेच बघत उभी होती.

"चढाचं झालं," ती म्हणाली. "उतरताना खोगीर पुढे मानेवर आलं तर हा पट्टा काय करणार?"

बाईंनी डॉसनकडे पाहिलं. डॉसनने विचार करून मान हलवली, काहीच नाही. बाईंनी एक सुस्कारा टाकला, लगाम हातात घेतला आणि उतरणीवर काय होतं ते बघायला डस्टीला पुन्हा टेकडीकडे वळवलं. मझल शेजारून चालू लागली.