व्हीसीआरला वाहिलेल्या अक्षता

गडहिंग्लजच्या आक्कांमुळं मी आज कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या या दुकानात टिकून आहे, हे आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं सांगायला तोंड उघडणार नाही.

आमच्याकडं लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतात. मी परभणीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. इथं एका व्हीसीआरवर माझं पोट चालतं. म्हणून गेल्या खंडेनवमीला त्याची पूजा मनापासून केली. वरून हळदकुंकू लावून समाधान होईना. चित्र वाचतो तो आतला हेड, खरा राबतो तो. झाकण काढून त्यालाच कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. एरवी त्याला बोट लागू नये म्हणून जपणारा मी.

दसरा झाल्यावर आक्का एसटीनं आल्या, स्वतःच्या लग्नाची कॅसेट घेऊन. पाठवणीला त्यांचे वडील रडताना दिसतात. हलते-बोलते वडील तेवढेच उरलेले. नेमकी पाठवणी सुरू झाली आणि पडद्यावर मुंग्या आल्या. आतून करकर. झाकण काढलं तर फीत चुरगळून तुटलेली आणि रोलरला तांदळाचा दाणा.

"मशिनीला जेवाय घातलंस व्हय?" मालक म्हणाले. "जा आता परभणीला."

मला आक्कांकडं बघवेना. त्यांनी तो चुरगळलेला तुकडा हातात घेतला, बोटानं सरळ करून बघितला. मग मालकांना म्हणाल्या, "पूजाच केली की त्यानं. लाथ तर न्हाय घातली." आणि पिशवीतून दुसरी कॅसेट काढली, भावाच्या लग्नाची. "ही बी ह्योच करंल." मग माझ्याकडं वळल्या, "पावणं, हिला तेवढं जेवाय घालू नगा."

मालक हसले. मला हसू आलं नाही. हेड पुसून पुसून, घाबरत घाबरत ती कॅसेट उतरवली. तीत वडील नव्हतेच, मुलाच्या लग्नाआधीच ते गेलेले. म्हणजे वडलांचं जे उरलं होतं ते मी घालवलं, आणि वर माझी नोकरी आक्कांनीच वाचवली.

त्या काळी शूटिंगवाले मूळ कॅसेट स्वतःकडं ठेवत. सुट्टीच्या दिवशी गडहिंग्लजला जाऊन मी जुने स्टुडिओ धुंडाळतो. अजून मिळालेली नाही. आक्का, तुम्ही चहाला या म्हणता आणि मी काहीतरी सांगून टाळतो. कधी ना कधी तुमच्या वडलांना घेऊनच तुमच्या दारात येईन. चहा तेव्हाच घेईन.